वहिनींचं डोकं

मातीच्या वर्गात इमारतीच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंप्याने सिंह करायला घेतला नसता, तर पुढचं काहीही घडलं नसतं. रीतसरराव निमूटपणे वाटी करत बसले असते, ती नेहमीप्रमाणे एका बाजूला कलली असती, आणि वहिनींचं डोकं जिथे होतं तिथेच, म्हणजे वहिनींच्या मानेवर, सुखरूप राहिलं असतं.

रीतसरराव हे अर्थात खरं नाव नव्हतं. वाहन परवान्यांच्या कचेरीत ते खिडकीमागे बसत आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला "रीतसर अर्ज करा" असं सांगत. अर्ज रीतसर आला की त्यावर शिक्का मारत. हे नाव आधी कचेरीत पडलं, मग पोस्टमनच्या तोंडून इमारतीत आलं, आणि आता तर दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव वाचून नवे पाहुणे चुकीच्या घरी आलो म्हणून परत जात.

शिक्के मारमारून त्यांचा उजवा अंगठा बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "रोज काहीतरी मऊ मळत जा." रीतसररावांनी घरी पीठ मळायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पिठात इतकं पाणी ओतलं, की त्यांच्या बायकोने, म्हणजे साऱ्या इमारतीच्या वहिनींनी, त्यांना मनगटाला धरून स्वयंपाकघराबाहेर आणून सोडलं आणि दार लोटून घेतलं. मग कोणीतरी सुचवलं, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी मातीचा वर्ग भरतो. आजूबाजूच्या लोकांसाठीच आहे. कोणीही यावं आणि हात भरवून घ्यावेत.

हॉल मोठा छान होता. खाली वाचनालयात माणसं वर्तमानपत्रांवर डुलक्या घेत असत आणि त्यांचं ते सामुदायिक पेंगणं जिना चढून वर येत असे. वर छताचा पंखा स्वतःशीच काही पुटपुटत फिरायचा. खिडकीतून येणारं ऊन टेबलावर पसरलेल्या ओल्या गोणपाटावर येऊन बसायचं आणि तिथेच बराच वेळ राहायचं. वर्ग चालवणाऱ्या बाई एका शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे मातीवाल्या बाई म्हणत. त्या शिकवत काहीच नसत. येऊन मागे उभ्या राहत, "हं" म्हणत, आणि पुढे जात. त्या एका "हं"चे किती अर्थ होतात यावर वर्गात बरेच वाद झालेले होते.

रीतसररावांना माती आवडली. पिठासारखी ती बोटांना चिकटून तक्रार करत नसे. दाबलं की दबायची, सोडलं की तशीच राहायची. कचेरीत ज्यांना इतकी वर्षं खिडकीतून अर्ज परत केले, त्यांच्यातलं कोणी इतक्या समजूतदारपणे वागलं नव्हतं. गोळा हातात फिरवता फिरवता ते कुठल्या कुठे जात. कधी आपण नदीकाठी बसलो आहोत असं त्यांना वाटे, कधी कुठेच बसलेलो नाही असं वाटे. भानावर येत तोवर हातात एक कललेली वाटी तयार झालेली असे.

तर त्या शनिवारी शिंप्याने सिंह काढला. म्हणजे सिंहाची आयाळ काढली आणि तिला चार पाय लावले. वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. शिंपी मिशीत हसून म्हणाला, "वाट्या काय, कोणीही करतं." हे त्याने हवेत सोडलं होतं, पण हवा नेमकी रीतसररावांच्या दिशेने वाहत होती.

"मी वाटी करत नाहीये," रीतसरराव म्हणाले.

"मग काय करताय?"

रीतसररावांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. ती उपडी केली तर डोक्यासारखी दिसत होती.

"आमच्या हिचं डोकं," ते म्हणाले.

मातीवाल्या बाई मागे उभ्या होत्या. त्या "हं" म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच पुढे एक वाक्य जोडलं. "पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. त्यात ठेवू या."

संध्याकाळी शिंप्यामार्फत ही बातमी इमारतीत पोचली. रीतसरराव जिना चढून वर येईपर्यंत वहिनींनी आपल्या धाकट्या बहिणीला फोनही केला होता. "अगं, माझा पुतळा करतायत," असं त्या सांगत होत्या, आणि सांगताना मोकळ्या हाताने केस सारखे करत होत्या, जणू बहीण फोनमधून पाहत होती. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. वहिनी चार लोकांत नेहमी कडेला उभ्या राहणाऱ्या. फोटोतही त्या अर्ध्याच येत, बाकीच्या अर्ध्या चौकटीबाहेर कोणासाठी तरी पाणी आणत असत. रीतसरराव दारात चपला काढत तो आवाज ऐकत राहिले. वाटीच बरी होती, हे सांगायची वेळ आता निघून गेली होती.

पुढच्या शनिवारी ते कामाला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बायकोचा चेहरा आठवत नाही. म्हणजे गर्दीत दिसली असती तर त्यांनी ताबडतोब ओळखली असती. पण भुवया जाड का बारीक? हनुवटीला खळी आहे की तो आपल्याच आत्याच्या हनुवटीचा भास? गालावरचा तीळ उजवीकडे, की आपण आरशात पाहिला म्हणून उजवीकडे? ते घरी चोरून बघू लागले. जेवताना बघत, वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून बघत.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "बरं वाटत नाहीये का?"

"तसं काही नाही."

"मग असे काय बघताय? मी काही केलंय का?"

शेवटी डोकं बादलीत घालून, वर ओलं फडकं टाकून त्यांनी ते घरी आणलं. डोकं घरी आणणं ही चूक होती. एक माणूस घरात एकटा डोकं करत बसला आहे, हे इमारतीला सहन होण्यासारखं नव्हतं.

शिंपी गळ्यात टेप अडकवून आला. "मान लहान पडतेय," तो म्हणाला. "अर्धा इंच सोडा. वहिनींचं माप आहे माझ्याकडे." विचारायच्या आत त्याने मातीची पट्टी लावली आणि जाता जाता नाकालाही जरासा उठाव दिला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत, त्यांना सगळे हेडबाई म्हणत. त्या चष्मा पुसत आल्या, डोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "निरीक्षण शून्य. हनुवटीत करारीपणा हवा." आणि त्यांनी अंगठ्याने हनुवटीत करारीपणा भरला. मागोमाग सगळे मजले येऊन गेले. कोणी गालाला मांस लावलं, कोणी कपाळाला. प्रत्येक जण हात धुऊन समाधानाने निघून जात होता. यातून एक गोष्ट रीतसररावांच्या ध्यानात आली आणि ती त्यांनी मनात नोंदवून ठेवली. माणसाच्या बोटांत एकच चेहरा असतो, तो म्हणजे स्वतःचा. नाक शिंप्याचं झालं होतं, हनुवटी हेडबाईंची. कपाळ तळमजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांचं होतं, आणि त्यावर त्यांचीच ती काळजीही उमटली होती.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. डोक्यासमोर उभ्या राहिल्या.

"ह्या कोण?"

"अगं, अजून व्हायचंय."

"नाही, बाई चांगली आहे," वहिनी म्हणाल्या. "पण ही दारात आली असती ना, तर मी पाणी विचारून तिथूनच परत पाठवली असती." त्या हसल्या, पण हसणं वाटेतच कुठेतरी राहिलं. "अहो, तुम्ही मला कधी नीट बघितलंय का हो?"

आणि उत्तराची वाट न बघता त्या गेल्या, कारण दूध उतू जात होतं. दूध खरंच उतू जात होतं का, हे रीतसररावांना कळलं नाही. पण ते रात्रीचं जेवण नेहमीपेक्षा हळू जेवले.

रविवारी दुपारी त्यांनी वहिनींना गॅलरीत स्टुलावर बसवलं आणि समोर स्वतः मातीसह बसले. हे फार वेळ चाललं नाही. त्यांनी नजर लावली की वहिनींना हसू फुटे. ओठ दाबून धरले तर खांदे हलत. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्याच्याने नाही होत. मी तिकडे तोंड करून बसते. तुम्ही आधी मागचं करून घ्या." आणि त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

खाली कोणी तरी सायकलला हवा भरत होतं, तेवढाच आवाज. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या, त्या मधूनच फुगत आणि पुन्हा विचार बदलत. रीतसररावांनी बायकोच्या मानेकडे पाहिलं. अंबाडा डावीकडे जरा झुकलेला होता, कारण पिन ती नेहमी उजव्या हाताने आणि घाईत खोचायची. अंबाड्यातून सुटलेल्या दोन बटा मानेवर उतरत होत्या आणि मध्येच एकमेकींना टाळून वेगळ्या होत होत्या. मानेच्या तळाशी मणक्याचं एक छोटंसं हाड वर आलं होतं. त्यांना वाटलं, अरे, हे तर मला ठाऊक आहे. ती ओट्यापाशी उभी असते तेव्हा हे असतं. पुढे जिना उतरते तेव्हा हे असतं. खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारते तेव्हा डोकं असं एका बाजूला जातं आणि हा अंबाडा खांद्याला टेकू टेकू होतो. त्यांच्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. बोटं निघाली आणि ते त्यांच्या मागून गेले. कुठे चाललोय हे माहीत नसताना पोचल्यासारखं वाटणं, असं त्यांच्या कचेरीच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

केव्हातरी सायकलची हवा भरून झाली, ऊन गॅलरीच्या कठड्यावर चढलं, आणि वहिनी म्हणाल्या, "झालं का? मान अवघडली."

झालं होतं. मागची बाजू झाली होती. त्यानंतर तिला कोणी हातही लावला नाही, कारण इमारतीतल्या एकाही माणसाला मागच्या बाजूत रस नव्हता. सगळ्यांचं लक्ष चेहऱ्यावर होतं. चेहरा म्हणजे सार्वजनिक मालमत्ता झाली होती. रीतसरराव सकाळी नाक कमी करत, संध्याकाळी शिंपी ते परत मोठं करून जाई. हेडबाईंनी पाडलेली खळी डॉक्टर लिंपून भरत. एकावर एक थर चढत गेले. शेवटी एका दुपारी वहिनींना स्टुलावर बसल्या बसल्या झोप लागली. झोपेत हसू येत नाही, त्यामुळे रीतसररावांना पहिल्यांदाच शांतपणे समोरून पाहता आलं. त्यांनी त्या थरांवरच आणखी एक थर चढवून झोपलेला चेहरा केला. हेडबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, "पास." शिंपी म्हणाला, "नाक माझंच आहे, पण आता वहिनींना शोभतंय." वहिनींनी पाहिला. मग जाता येता त्या डोक्यावरचं फडकं पुन्हा पुन्हा नीट करत राहिल्या.

आता भाजायचं राहिलं होतं.

"डोकं आतून पोकळ करून घ्या," मातीवाल्या बाईंनी सांगितलं. "भिंत सगळीकडे बोटाएवढी. जाड राहिलं तर आत ओल राहते, आणि ओल राहिली तर भट्टीत फुटतं. आणि पुरतं वाळल्याशिवाय भाजायचं नाही."

रीतसररावांनी तळाकडून तारेने माती कोरायला सुरुवात केली. मागची बाजू त्यांनी आतून बोटं दाबत दाबत पातळ केली, अगदी सगळीकडे सारखी. पुढे चेहऱ्याशी आल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. या एका चेहऱ्यासाठी त्यांनी सगळ्या इमारतीशी लढाई केली होती. आतून कोरताना नाकच आत कोसळलं तर? त्यांनी चेहऱ्याला आतून दोन-चार ओरखडे काढल्यासारखं केलं आणि तार खाली ठेवली.

वर्गाची विजेची भट्टी बंद होती. तिच्या दुरुस्तीचा अर्ज पाठवला होता. पण अर्जासोबत बंद भट्टीचा फोटो जोडला नव्हता म्हणून तो परत आला होता. मातीवाल्या बाईंनी हे सांगितल्यावर रीतसरराव नेहमीच्या सवयीने "बरोबर आहे" म्हणाले, आणि मग त्यांना कसंसंच झालं.

"त्यात काय," शिंपी म्हणाला, "बेकरी आहे ना."

"पावाच्या भट्टीत माती पक्की होत नाही," मातीवाल्या बाई म्हणाल्या. "फार तर कडक होईल."

"प्रदर्शनापुरती कडक झाली तरी पुरे," शिंपी म्हणाला. आणि रीतसररावांना हे पटलं, कारण प्रदर्शन उद्यावर आलं होतं आणि वहिनींची बहीण आजच येऊन मुक्कामाला राहिली होती.

त्यांनी डोक्याच्या गालाला बोट लावून पाहिलं. गाल कोरडा लागला. मग डोकं जुन्या चादरीत गुंडाळून, छातीशी धरून ते रस्त्याने निघाले. वाटेत ओळखीच्या माणसांनी विचारलं, "काय नेताय?" "बायकोचं डोकं," असं खरं उत्तर देण्याचा त्यांनी एकदाच प्रयोग केला. त्यानंतर ते "कलिंगड" म्हणू लागले.

बेकरीवाला गुबगुबीत, प्रसन्न माणूस होता. तो कायम पिठाच्या धुक्यात वावरत असे आणि त्यामुळे थोडा अर्धवट पुसल्यासारखा दिसे. "माझ्या भट्टीत सगळं भाजून निघतं," तो म्हणाला. दुपारचे पाव निघाले होते, टोस्टांचे पत्रे आत होते. त्याने लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर डोकं घेतलं, हळूच आत सरकवलं आणि एका कोपऱ्यात टोस्टांशेजारी ठेवलं. भट्टीच्या तांबूस उजेडात झोपलेल्या वहिनी एकदम सुंदर दिसल्या. दोघेही पुरुष झाकण लावायचं विसरून तिथेच वाकून उभे राहिले. गरम पावाचा वास चहूकडे होता. जगात कोणाची कोणाशी काही तक्रार नसावी अशी ती वेळ होती.

"दुकानात कोणी आहे का?" मागून आवाज आला.

अन्नतपासनीस आला होता. हातात फळी, फळीवर कागद, कानावर पेन. तो वार्षिक तपासणीसाठी आला होता, आणि सवयीने सरळ भट्टीपाशी जाऊन वाकला. मग सावकाश मागे सरकला आणि पिठाच्या पोत्यावर बसला.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"वहिनी," बेकरीवाला म्हणाला.

बराच वेळ गेला तो पाणी वगैरे देण्यात. माती आहे हे पटल्यावर तपासनीस उठला, कपड्यांवरचं पीठ झटकलं, आणि त्याच्यातला अधिकारी परत आला.

"हा खाद्यपदार्थ आहे का?"

"नाही," रीतसरराव म्हणाले.

"मग अन्नाच्या भट्टीत खाद्यपदार्थ नसलेली वस्तू आढळली, असं होतं."

"समजा, खाद्यपदार्थ आहे म्हटलं तर?" बेकरीवाल्याने मदत करायचा प्रयत्न केला.

"तर घटक सांगा. आणि किती दिवस टिकतं ते सांगा."

"आपलं म्हणणं रास्त आहे," रीतसरराव मनापासून म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी खिडकीच्या या बाजूला उभं राहून असा कसलेला माणूस पाहिला नव्हता. घाबरलेल्या मनातही कुठेतरी कौतुक दाटून आलं.

"आपण कोण?"

"मी डोक्याचा... म्हणजे डोकं ज्यांचं आहे, त्यांचा नवरा."

"त्यांची संमती?"

"त्या झोपल्या होत्या."

तपासनीसाने कानावरचं पेन काढलं. तो पहिला शब्द लिहिणार तेवढ्यात भट्टीत धडाम असा आवाज झाला. फार मोठा नव्हता, कोणी आतून दार आपटावं तसा. राखेचा एक ढग बाहेर आला आणि तिघांच्याही अंगावर अलगद बसला. मग सगळं शांत झालं. बेकरीवाल्याने फावडं आत घातलं.

चेहरा गेला होता. टोस्टांमध्ये विखुरला होता. एका टोस्टात अर्धी भुवई रुतली होती, दुसऱ्यात ओठाचा कोपरा होता. हनुवटीतला करारीपणा भट्टीच्या मागच्या भिंतीला चिकटला होता. रीतसरराव हात पुढे करून उभे राहिले, पण कशासाठी ते त्यांना कळेना. एवढे थर, एवढी भांडणं, ती दुपार, ती झोप. त्यांनी बाहीने डोळे पुसले. अंगावरच्या राखेमुळे ते कोणाला कळलं नाही, हीच काय ती त्यांच्या प्रतिष्ठेची राखण.

तपासनीस त्या मानाने माणूस चांगला निघाला. "वस्तूच उरली नाही तर आक्षेप कशावर घेणार?" असं म्हणून त्याने फळी खाली केली. मात्र टोस्ट जप्त झाले, बेकरी त्या दिवसापुरती बंद झाली, आणि नियमानुसार एक नमुना घ्यावाच लागत होता म्हणून त्याने नाक उचललं, पुडीत घातलं, आणि पुडीला लाख लावली.

मागची बाजू मात्र शाबूत होती. अंबाडा, मान, त्या दोन बटा. कानाच्या पाळीपासून कानाच्या पाळीपर्यंत जसंच्या तसं. रीतसररावांनी ते पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि घरी न जाता थेट वाचनालयात नेऊन ठेवलं.

"झालं भाजून?" संध्याकाळी वहिनींनी विचारलं. इमारतीत टोस्ट नसल्याने सगळीकडे नुसताच चहा पिणं चाललं होतं, आणि त्याबद्दल जिन्यात जे बोललं जात होतं ते बंद दारातूनही ऐकू येत होतं.

"झालं."

"कसं आलंय?"

"उद्या बघशीलच," रीतसरराव म्हणाले. धाकटी बहीण आतल्या खोलीत वहिनींसाठी कपडे काढत होती. इतके कपडे पलंगावर पसरलेले त्यांनी लग्नानंतर पाहिले नव्हते. त्यामुळे खरं सांगणं त्यांना जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये पोचले. मातीवाल्या बाई चादर सोडून उभ्या होत्या. ते तोंड उघडणार तोच त्या "हं" म्हणाल्या. हा "हं" रीतसररावांनी यापूर्वी ऐकला नव्हता. मग बाईंनी ते अर्धं डोकं उचललं, खिडकीजवळच्या उंच स्टुलावर ठेवलं आणि फिरवलं. पोकळ बाजू खिडकीकडे गेली, अंबाडा लोकांकडे आला. समोर कागदाची चिठ्ठी लावायची होती. "काय लिहू?" त्यांनी विचारलं. रीतसरराव अंबाड्याकडे बघत राहिले. चिठ्ठी कोरीच राहिली.

लोक येऊ लागले. शिंपी त्याच्या सिंहाशेजारी उभा होता, आणि लहान मुलं त्याला मांजर कुठल्या जातीचं म्हणून विचारत होती. रीतसरराव एका खांबाआडून बघत होते. कोणी हसलं की पळायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण लोक त्या डोक्यापाशी आले की हळू होत. बोलणं थांबवत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "ती काय बघतेय?" आणि उत्तर न मिळाल्याने ते स्वतः खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले. त्यांच्यामागे आणखी एक बाई गेल्या. मग खिडकीशी रांगच लागली. बाहेर काही नव्हतं. एक पाण्याची टाकी, टाकीवर एक कबुतर, दोरीवर कोणाचा तरी शर्ट. पण माणसं ते बघून परत येत तेव्हा त्यांचे चेहरे जरा सैल झालेले असत. हेडबाई आल्या, चष्मा पुसला, फेरी मारायला निघाल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. त्यांनी गुण दिले नाहीत. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या, आणि नकळत त्यांचा हात स्वतःच्या मानेकडे गेला.

मग वहिनी आल्या. पलंगावरचे सगळे कपडे बाजूला सारून त्या शेवटी आपल्या रोजच्याच साध्या कपड्यांत आल्या होत्या. सोबत बहीण. बहीण सगळ्या टेबलांवरून चेहरे शोधत फिरली. "ताई, तू कुठेयस? मला तू सापडत नाहीयेस."

वहिनी मात्र आपोआप खिडकीकडे गेल्या आणि त्या डोक्यामागे उभ्या राहिल्या. रीतसरराव खांबाआडून बाहेर आले. त्यांना आता एकामागे एक दोन अंबाडे दिसत होते, दोन्ही डावीकडे जरा झुकलेले.

"मी मागून अशी दिसते?" वहिनींनी मान न वळवता विचारलं.

"हो," रीतसरराव म्हणाले. "रोज."

वहिनींनी एक बोट पुढे केलं आणि मातीच्या मानेवरच्या त्या छोट्या हाडाला लावलं. मग तेच बोट त्यांनी स्वतःच्या मानेला लावून पाहिलं. "मला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि पुढून?"

रीतसररावांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. जाड राहिलेला चेहरा, बेकरी, टोस्ट, धडाम. "भुवई टोस्टात गेली. हनुवटी भट्टीला चिकटली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नाक... नाक सरकारजमा झालं. सीलबंद आहे. मी सांगणार होतो तुला. पण तुम्ही दोघींनी पलंगावर इतके कपडे काढून ठेवले होते..."

वहिनी डोक्याला वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेल्या आणि वाकून आत पाहिलं. आत खिडकीतला उजेड भरला होता. पोकळीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत रीतसररावांच्या बोटांचे ठसे होते, शेजारी शेजारी, दाट. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या, आणि सगळ्या हॉलकडे पाठ करून बाहेर पाण्याच्या टाकीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलू लागले.

शिंप्याने सिंहावरचा हात काढला. धाकटी बहीण धावत रीतसररावांपाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भावोजी, ताई रडतेय हो! काहीतरी करा ना."

रीतसररावांनी पाहिलं. त्या मानेकडे पाहिलं, त्या दोन बटांकडे पाहिलं, आणि अंबाडा ज्या बाजूला, ज्या तऱ्हेने कलला होता तिकडे पाहिलं. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं.

"रडत नाहीये," ते म्हणाले. "हसतेय."